सही केली, तरी कलम टिकेलच असं नाही

फ्लॅटचा ताबा दोन वर्षं लांबला म्हणून बिल्डरच्या ऑफिसात गेलात, की समोरचा मॅनेजर करारनाम्याचं शेवटचं पान उघडतो आणि विचारतो, "ही सही तुमचीच ना?" भलीभली माणसं इथे गप्प होतात. विमा कंपनीच्या काउंटरवर आणि राजीनामा देताना एचआरच्या खोलीतही हाच प्रश्न थोड्याफार फरकाने कानावर येतो. सही आपलीच असते. तिच्या वरचा मजकूर कायद्यात बसतो का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्याआधी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता शहरांतल्या वरिष्ठ न्यायालयांत हिंदूंचे करार हिंदू कायद्याने आणि मुसलमानांचे त्यांच्या कायद्याने तोलले जात. १८७२ नंतर सगळ्यांना एकच माप आलं. या कायद्याचं २३ वं कलम सांगतं, की कराराचा उद्देश किंवा मोबदला कायद्याने मना असेल, कायद्याचा हेतू हाणून पाडणारा असेल किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल, तर तो करार रद्दबातल. दोघांची राजीखुशी असली तरीही.

आपल्याकडे ही कल्पना परकी नव्हती. व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या वर जाऊ द्यायची नाही, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदू कर्जदारांसाठी पाळतच होती. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तो सावकारी कर्जांना लावला आणि धर्माची अट काढून टाकली. खतात कितीही आकडा घातलेला असो, कोर्टाच्या हुकूमनाम्यात तो आकडा येत नसे.

आता दहिसरच्या आनंदनगरमधल्या पांचाली इमारतीकडे जरा सावकाश पाहू. सात विंग, ५६ फ्लॅट आणि खाली स्टिल्टमध्ये २५ पार्किंग. फ्लॅट विकताना बिल्डरने खरेदीदारांकडून हमीपत्रं लिहून घेतली होती, की स्टिल्टमधल्या पार्किंगवर आमचा हक्क राहणार नाही. पुढे सोसायटी उभी राहिली, पार्किंगवरून वाद पेटला आणि दावा लावला तो बिल्डरने, सोसायटीविरुद्ध. प्रकरण शहर दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय करत सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ऑगस्ट २०१० मध्ये निकाल लागला: १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानुसार, म्हणजे बोलीभाषेतल्या 'मोफा'नुसार, स्टिल्ट पार्किंग हा स्वतंत्रपणे विकता येणारा फ्लॅट नाही, गॅरेजही नाही. तो इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे. आणि त्या हमीपत्रांचं काय? ती ना खरेदीदारांना बांधील, ना सोसायटीला. मोफाने बिल्डरवर टाकलेली जबाबदारी खरेदीदाराच्या सहीने उतरवता येत नाही. मुंबईत त्या काळी पार्किंगचे दर फ्लॅटच्या किमतीत वेगळे मोजून घेतले जात, हे आठवलं की या निकालाचं वजन कळतं.

दुसरं प्रकरण गुरुग्रामचं, पण त्यातला करारनामा पुण्या-ठाण्यात घर घेतलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. खरेदीदाराने हप्ता चुकवला तर १८ टक्के व्याज, बिल्डरने ताबा लांबवला तर ९ टक्के. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उदय लळित आणि इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठाने हा करार एकतर्फी आणि अन्यायकारक ठरवला. बिल्डरने तयार केलेल्या कागदावर सही करण्यावाचून ज्याला गत्यंतर नव्हतं, त्याच्यावर त्यातल्या अशा अटी लादता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं आणि पैसे १०.७ टक्के व्याजासह परत करायला लावले. आपल्याकडे 'वाचून सही करायची होती' असं खरेदीदारालाच सुनावलं जातं. वाचूनही छापील करारातली एक ओळ बदलून मिळत नाही, ही खरी अडचण न्यायालयाने ओळखली.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा क्षेत्राच्या नियमनाचा कायदा, आल्यावर यातल्या पुष्कळ गोष्टी कायद्याच्या पुस्तकातच उतरल्या. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरने तो विनामोबदला दुरुस्त करायचा. व्याजाचा दर दोन्हीकडे सारखा, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या ठरलेल्या कर्जदराच्या वर दोन टक्के. राज्याच्या २०१७ च्या नियमांत आदर्श करारनामाच जोडलेला आहे. त्यात फेरफार करता येतात, पण कायद्याशी विसंगत कलम घातलं तर ते मुळातूनच निरर्थक ठरतं. म्हणजे तुमच्या करारनाम्यात दोष दुरुस्तीची मुदत एक वर्ष छापलेली असेल, तरी ती पाच वर्षंच समजायची.

विम्याच्या पॉलिसीलाही हेच लागू. मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ ला अमलात आला. शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरी पुढची काही वर्षं पॉलिसीतलं 'मनोविकार वगळून' हे जुनं कलम दाखवून दावे परत जात राहिले. असा एक दावा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कायदा अमलात आला त्या दिवसापासून विमा कंपनी त्याला बांधील आहे. पॉलिसीचा मसुदा सुधारायला उशीर झाला, तो कंपनीचा प्रश्न.

आयुर्विम्यातही तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, असं विमा कायद्याचं ४५ वं कलम सांगतं. 'दावा नाकारल्यापासून बारा महिन्यांत कोर्टात आला नाहीत, तर हक्क संपला' अशी अटही पूर्वी पॉलिसींमध्ये सर्रास असे. करार कायद्याचं २८ वं कलम १९९७ मध्ये दुरुस्त झालं आणि हक्कच संपवणारी अशी मुदत निरर्थक ठरली.

पण म्हणून प्रत्येक कडक अट फेकून देता येते, असा समज करून घेऊ नका. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेचा बाँड आणि तो मोडल्याबद्दल दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे तेच काम करू नये, हे बंधन करार कायद्याच्या २७ व्या कलमाने टिकत नाही. नोकरी चालू असतानाची बंधनं मात्र बहुतेक टिकतात. महागडा सौदा आणि बेकायदा सौदा यांत फरक आहे, आणि महाग पडलं म्हणून कोर्ट धावून येत नाही.

दाद मागताना दारही नीट निवडावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' हा तक्रारीचा स्वतंत्र आधार आहे. अवाजवी अनामत रक्कम, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, एकाच बाजूला करार मोडायची मुभा, हे सगळं त्यात येतं. पण ही तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. एवढं माहीत नसल्यामुळे माणसं हेलपाटे घालतात.

घर घेणाऱ्यांनी एक काम जरूर करावं. महारेराच्या संकेतस्थळावरून आदर्श करारनामा उतरवून घ्या आणि बिल्डरने दिलेला मसुदा शेजारी ठेवून चटई क्षेत्र, ताब्याची तारीख, व्याज, दोष दुरुस्ती आणि पार्किंग एवढी कलमं ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे उपनिबंधक कार्यालयात जाण्याआधीच लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.