‘अंदाजाने टाक’ म्हणजे किती ग्रॅम?

पिझ्झासोबत आलेला ओरेगॅनो लगेच ओळखता येतो, मग घरच्या मसाल्यातलं धोंडफूल का नाही? इतवारीत एक चक्कर, तीन वाट्या वरण आणि आजीला एक फोन. एवढ्यात ही ओळख होऊ शकते.

तुमच्या रूमवर मसाल्याच्या नावाने काय काय आहे, एकदा मोजून पाहा. तिखट, हळद, मीठ. एखादा चिकन मसाला, ज्यात रोज बटाटेच शिजतात. नूडल्सच्या उरलेल्या पुड्या. आणि ड्रॉवरमध्ये साठत गेलेली ओरेगॅनो, चिली फ्लेक्सची पाकिटं. बरोबर ना?

आता दुसरा प्रश्न. घरी गेल्यावर ज्या भाजीच्या वासाने पोटात कावळे ओरडायला लागतात, त्या भाजीच्या मसाल्यातले पाच पदार्थ सांगा. धने, जिरे, मिरची... आणि? बहुतेकांची गाडी इथेच अडकते. वीस वर्षं तो मसाला खाल्लेला असतो, पण त्यातल्या कोणाशीच नीट ओळख झालेली नसते.

काहीतरी हटके मसाला वापरून पाहायचा म्हटलं की आपण पाप्रिका, थाइम, रोझमेरी शोधतो. शोधा, त्यात वाईट काही नाही. पण सगळ्यात अनोळखी मसाले बहुधा आपल्या आईच्याच डब्यात बसलेले असतात. सुरुवात तिथून करू या.

ही मंडळी कोण?

पहिलं धोंडफूल. पुण्या-मुंबईकडे याला दगडफूल म्हणतात. नावात फूल आहे, पण हे फूल नाही आणि दगडही नाही. हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र मांडलेला संसार. सहजीवनाचं उदाहरण म्हणून आपण जे शिकतो, तेच हे. झाडाच्या सालीवर, खडकावर वाढतं. हातात घेतलं तर सुकलेल्या, कुरतडलेल्या कागदासारखं दिसतं, काळपट-राखाडी. नुसता वास घेतला तर फारसं काही कळत नाही. गरम तेलात पडलं की मात्र मातीचा, लाकडाचा, किंचित धुराचा वास सुटतो. ‘काळ्या मसाल्याचा वास’ म्हणून आपण जे ओळखतो, त्यात याचा मोठा वाटा असतो.

दुसरी जायपत्री. जायफळाच्या बीवर जाळीसारखं लाल आवरण असतं, ते वाळवलं की झाली जायपत्री. एकाच फळातून दोन मसाले! जायफळ श्रीखंडात जातं आणि जायपत्री रश्श्यात.

तिसरं शहाजिरे. जिऱ्याचा बारीक, काळसर भाऊ वाटतो, पण वास अगदी निराळा, थोडा गोडसर. जिऱ्याऐवजी तेवढंच शहाजिरे टाकलं तर भाजीचा सूरच बदलतो.

चौथं चक्रीफूल. दिसायला सगळ्यात देखणं, म्हणून सगळे त्याचे फोटो काढतात. त्याचा वास बडीशेपेसारखा का येतो? कारण दोघांमध्येही अ‍ॅनेथॉल नावाचं एकच रसायन आहे. झाडं मात्र एकमेकांच्या नात्यातली नाहीत.

बॉटनीवाल्यांना तर हा डबा म्हणजे फुकटचं प्रॅक्टिकल. लवंग ही न उमललेली कळी, दालचिनी ही साल, सुंठ हे जमिनीखालचं खोड, तमालपत्र हे पान आणि हिंग हा मुळातून निघणारा चीक.

आणि हो, ‘आपलं’ आणि ‘बाहेरचं’ हा हिशेबही फार पक्का धरू नका. ज्या मिरचीवर विदर्भाचा एवढा जीव, ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती इकडे आणली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी, सुंठ यांच्यावर चालायचा. रोजच्या फोडणीतलं हिंग आजही अफगाणिस्तान, इराण या भागांतून येतं. त्याची लागवड भारतात करून पाहण्यासाठी हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लावली गेली, ती थेट ऑक्टोबर 2020 मध्ये. म्हणजे अनोळखी मसाला घरचा व्हायला वेळ लागतो, एवढंच.

इतवारीची चक्कर

आता खरेदी. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर अग्रसेन चौक किंवा चितार ओळीला उतरा, पुढे ऑटोने इतवारी गाठा. किराणा ओळीत, मस्कासाथकडे मसाल्यांच्या दुकानांत पोती उघडी असतात. दुकान शोधायला मॅप लागत नाही, नाक पुरतं.

लाजू नका. ‘भाऊ, वीस ग्राम धोंडफूल द्या न’ म्हटलं तर कोणी हसत नाही. धोंडफूल इतकं हलकं असतं की वीस ग्रॅमची पुडी पाहून वाटतं, भाऊंनी चुकून जास्त दिलं. बाकीचं दहा-दहा ग्रॅम घ्या. जायपत्री महाग, ती दोन-तीन पाकळ्याच.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पूड नको, अख्खे मसाले घ्या. अख्ख्या मसाल्यात वास कोंडून राहतो, पूड केली की तो लवकर उडतो. शिवाय अख्ख्या मालात भेसळ झाली तर ती पकडता येते. मिरी पाण्यात टाकून पाहा, चांगली मिरी तळाशी बसते, पपईच्या बिया वर तरंगतात. दुसरं, थोडंच घ्या. आणि तिसरं, घरी आल्यावर प्रत्येक पुडीवर नाव लिहा. दोन दिवसांनी जिरे कोणतं आणि शहाजिरे कोणतं, हे दिव्याच्या उजेडात कळत नाही.

तिखट घेताना भिवापुरी मिरची मिळते का, तेही विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापूरची ही मिरची आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद, दोघींनाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दार्जिलिंगच्या चहाला मिळालं तेच.

तीन वाट्यांचा प्रयोग

नव्या मसाल्यांची सगळ्यात मोठी फजिती कशाने होते? सगळे एकदम टाकल्याने. दहा अनोळखी माणसं एकाच वेळी बोलायला लागली तर कोणाचं नाव लक्षात राहील?

म्हणून तुरीचं साधं वरण शिजवा. फक्त हळद आणि मीठ. तीन वाट्या करा. पहिलीवर तेलात जिऱ्याची फोडणी. ही आपली मोजपट्टी. दुसरीवर तेवढ्याच तेलात शहाजिरे. तिसरीवर जिऱ्यासोबत चिमूटभर धोंडफूल, आधी कचरा-साल निवडून आणि हाताने चुरून. तेल धुरावलं की गॅस बंद करा आणि मगच मसाला टाका, नाहीतर जळून कडू होईल. गरम भातासोबत तिन्ही खा. आधी वास, मग घास. रूममेटला न सांगता खायला द्या आणि कोणती वाटी वेगळी ते विचारा. हॉस्टेलवर शेगडी चालत नसेल तर रूम घेऊन राहणारा एखादा मित्र गाठा. जेवण फुकट म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही.

फोडणी तेलातच का? मसाल्यांमधली वासाची बहुतेक द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात. म्हणूनच तर्री पोह्यांवरची ती लाल तर्री एवढी बोलते. मिरचीतलं कॅप्सेसिनही असंच तेलाच्या बाजूचं. तिखट लागल्यावर पाणी पिऊन आग विझत नाही, दही-दुधाने विझते, ती याच कारणाने.

सावजी म्हणजे नुसतं तिखट नव्हे

मसाल्यांवर बोलायचं आणि नागपुरात सावजी टाळायचं, असं कसं होईल? बाहेरगावचे मित्र आले की आपण त्यांना सावजी खायला नेतो आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की खूश होतो. पण नाकाने जेवून पाहा. तो काळसर रस्सा नुसत्या मिरचीने तसा होत नाही. भाजलेले धने, धोंडफूल, मिरी, लवंग, मसाला वेलची, खसखस, सुंठ हे सगळं त्यात असतं आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. कोणी बत्तीस मसाले सांगतं, कोणी त्याहून जास्त. प्रत्येक घराचं माप वेगळं आणि ते सहसा घराबाहेर जात नाही.

ही चव विणकरांची. नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम हातमागाचं. पुढे गिरण्या आल्या, यंत्रमाग आले, हातमागाला काम उरेना. तेव्हा अनेक कुटुंबांनी घरातल्या चुलीलाच पोटापाण्याचं साधन केलं. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली भागांतल्या छोट्या भोजनालयांमागे हा इतिहास आहे. माग थांबले तेव्हा ज्या माहितीने घर तारलं, ती कुठल्या सर्टिफिकेटवर नव्हती. ती पाट्यावर मसाला वाटणाऱ्या बायांच्या हातात होती.

रूमवरचा काळा मसाला

सावजीचं गुपित आम्हालाही ठाऊक नाही. पण रूमवर चालेल असा साधा मसाला हा घ्या. धने चार मोठे चमचे, जिरे एक छोटा चमचा, शहाजिरे अर्धा, मिरी दहा, लवंगा चार, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मसाला वेलची एक, तमालपत्र एक, चुरलेलं धोंडफूल एक मोठा चमचा, खसखस एक छोटा चमचा, जायपत्रीची एक पाकळी.

मंद आचेवर प्रत्येक गोष्ट वेगळी भाजा. धन्यांना वेळ लागतो, खसखस मात्र क्षणात जळते. धूर निघायला लागला म्हणजे उशीर झाला. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये फिरवा आणि काचेच्या कोरड्या बाटलीत भरा. दोघांच्या अंडा रश्श्याला किंवा चण्याच्या भाजीला एक छोटा चमचा पुरतो. धोंडफूल जास्त झालं तर रस्सा कडसर लागतो, तेव्हा हात आवरा.

आता आजीला फोन लावा

तुमच्या घरच्या मसाल्याची कृती कुठे लिहिलेली आहे? वहीत? मोबाइलमध्ये? बहुतेक घरांत कुठेच नाही. ती एका माणसाच्या हातात आहे आणि त्या माणसाचं वय वाढतंय. तुम्ही विचारलं तर उत्तर येणार, ‘त्यात काय सांगायचं, अंदाजाने टाक.’ हा अंदाज चाळीस-पन्नास वर्षांचा असतो, तो फोनवरून येत नाही.

म्हणून एक युक्ती. कृती विचारू नका, मसाला करताना समोर बसा. आजी मूठ भरेल तेव्हा ती डब्यात पडण्याआधी ताटलीत घ्या आणि वजनकाट्यावर ठेवा. मूठ तिची, आकडा तुमचा. काय आधी भाजलं, काय तेलात, रंग कुठवर आणला, ते लिहा. व्हिडिओ काढा. मध्येच ‘आमच्या माहेरी यात हे टाकायचे’ असं ती म्हणेल, तेही लिहा. ते कधीच कुठल्या पाकिटावर छापून येणार नाही.

एक अडचण आहे. वर्षाचा मसाला होतो उन्हाळ्यात, मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळल्या की. म्हणजे नेमका आपल्या परीक्षांच्या दिवसांत. लहानपणापासून तो आपल्यासाठी पुस्तकामागून आलेला एक ठसका आहे, बस. या वर्षी शेवटचा पेपर कधी आहे ते पाहा आणि आजीला आत्ताच सांगून ठेवा, मी आल्याशिवाय भाजायला घेऊ नको.