रॉड आहे, म्हणजे हाड सरळच?

सातपूरच्या एमआयडीसीत पूर्ण पाळी उभ्याने काम करणाऱ्याची नडगी मोडली आणि तिच्यात रॉड बसला, की घरचे निर्धास्त होतात. आत सरळ पोलाद आहे, मग हाड वाकडं जुळेलच कसं? नडगीच्या मधल्या भागापुरतं हे बरंचसं खरं आहे. तिथली पोकळी अरुंद असते, रॉड घट्ट बसतो आणि दोन्ही तुकड्यांना एका रेषेत आणतो. गुडघ्याकडे मात्र ही पोकळी नरसाळ्यासारखी रुंदावते आणि रॉडला कडेचा आधार उरत नाही. त्यात रॉड घालताना गुडघा दुमडला, की वाटीखालचा जाड बंध वरचा तुकडा पुढे ओढतो. अमेरिकेतल्या फ्रीडमन आणि जॉन्सन यांनी १९९५ मध्ये रॉड बसवलेल्या नडग्यांचे एक्स-रे तपासले, तेव्हा एकूण १२ टक्के हाडं रेषेबाहेर होती. पण वरच्या तिसऱ्या भागातल्या फ्रॅक्चरमध्ये हेच प्रमाण ५८ टक्के होतं. पुढे गुडघा जवळजवळ सरळ ठेवून रॉड घालण्याची पद्धत रुळली, रॉडला वाट दाखवणारे जादा स्क्रू आले. थोडक्यात, सरळपणा रॉडमधून येत नाही. तो टेबलावर तुकडे जुळवताना साधावा लागतो.

म्हणूनच ‘लवकर पाय टेकवलास, म्हणून वाकडा झाला’ हा ठपका बहुतेकदा अन्यायाचा असतो. स्क्रू तुटून किंवा ढिले पडून रेषा नंतरही बिघडते, नाही असं नाही. पण ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आजच्या शेजारी धरला की वाद मिटतो. आणि एक्स-रेही सगळं सांगत नाही. हाड स्वतःभोवती फिरून जुळलं असेल, तर साध्या फिल्मवर ते सरळ दिसू शकतं, पाऊल मात्र चालताना बाहेर किंवा आत वळतं. हा पीळ मोजायला दोन्ही पायांचा सीटी स्कॅन लागतो.

यावर आक्षेप रास्त आहे: चार-पाच अंशांनी असं काय बिघडतं? खरंच, फारसं नाही. ५ अंशांपेक्षा जास्त कल, १० अंशांपेक्षा जास्त पीळ किंवा सेंटिमीटरभराहून अधिक आखूडपणा, या डॉक्टरांनी सोयीसाठी आखलेल्या मर्यादा आहेत. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या मिल्नर आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांहून जुन्या फ्रॅक्चरचे रुग्ण तपासले. बहुतेकांचे पाय चांगले चालत होते, आणि सांध्यांच्या झिजेला वाकडेपणापेक्षा इतर कारणं अधिक जबाबदार दिसली. तेव्हा ‘वाकडं म्हणजे गुडघा गेलाच’ ही भीतीही चूक. मात्र हा दिलासा थोड्या वाकडेपणापुरता आहे. मोठा कल किंवा पीळ असेल आणि दुखत असेल, तर ‘होईल हळूहळू सरळ’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही. लहान मुलांचं हाड वाढीबरोबर काही कल भरून काढतं, मोठ्यांचं नाही. मालिश किंवा पट्ट्यांनी जुळलेलं हाड हलत नाही, आणि रॉड काढल्यानेही नाही. हाड जुळण्याआधी चूक दिसली, तर रॉड बदलून दुरुस्ती तुलनेने सोपी असते. जुळल्यावर तेच हाड कापावं लागतं आणि प्लेट, नवा रॉड किंवा पायाबाहेरून बसवायच्या इलिझारोव्ह रिंगा लावून रेषेत आणावं लागतं. कामगार विम्यात कामावरच्या अपघातानंतर, डॉक्टर प्रमाणित करतील तितके दिवस, सुमारे ९० टक्के मजुरी मिळते; तेव्हा ‘फिट’चा दाखला घेण्याच्या घाईत पायाची रेषा तपासून घेणं टाळायचं कारण नाही. डॉक्टरांकडे मागायचा तो खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला एक्स-रे.