मोळीखालची मान

शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला हिवाळ्यात गेलात, तर वाटेत ऊसतोड चाललेली दिसेल. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला कुणी हाक मारली, की ती मान वळवत नाही; अख्खी वळते. तोल सांभाळणे हे त्याचे एक कारण. दुसरे मानेच्या आत आहे.

मानेचा पहिला मणका म्हणजे नुसते कडे. त्यावर कवटी टेकते. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका या कड्यात वर शिरतो. जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरावी, तसे कवटीसकट कडे त्याच्याभोवती फिरते. मान वळते त्यातले सुमारे निम्मे वळण याच सांध्यात होते.

सुळक्यामागे लगेच मज्जारज्जू! म्हणून एक आडवा अस्थिबंध सुळक्याला कड्याच्या पुढच्या भागाशी जखडतो, आणि सुळक्यापासून कवटीच्या तळाशी गेलेले दोन पंखबंध डोक्याचे फिरणे आवरतात. मोळीचे वजन सरळ हाडांवरून खाली उतरते. पण इथे आम्हा भौतिकीवाल्यांचे जडत्व आलेच. लांब मोळी सहजी फिरत नाही. मान झटक्यात वळवली तर तो पीळ स्नायूंवर आणि या बंधांवर येतो.

याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, की लोक जखमीला उठवून बसवतात, मान उचलून पाणी पाजतात. आडवा बंध तुटलेला असला तर सुळका मज्जारज्जू दाबू शकतो, आणि श्वासाच्या स्नायूंना जाणारे संदेश तिथूनच जातात. 108 ला फोन करा; तोवर डोके आहे तसेच दोन्ही हातांनी स्थिर धरा. पाणी नको.