प्रवरेची काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाच्या भूमीला दोन नावे आहेत : जिच्यात पीक उभे राहते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत रूढ झालेल्या या दोन शब्दांत नदीखोऱ्यातील मानवी वस्तीचा इतिहास साठवला आहे, आणि तो प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर प्रवरेच्या काठाने जावे.

सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावून, रंधा येथे कड्यावरून झेप घेऊन, अकोले आणि संगमनेर ओलांडीत ही नदी सुमारे २०० किलोमीटर वाहते व टोके-प्रवरासंगमाजवळ गोदावरीस मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार कोसळणारा पाऊस नेवाशाकडे अगदी तुटपुंजा उरतो; तथापि अग्निजन्य खडकाची झीज होऊन साचलेली येथील काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते, म्हणूनच पावसाळा सरल्यावरही ज्वारी आणि हरभरा या ओलीवर तग धरतात.

याच काळीच्या आधाराने दायमाबाद येथे इ. स. पूर्व २००० च्याही आधी वस्ती झाली. शतकानुशतके चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेणकचरा यांचे थर साचून पांढरीचे टेकाड होते; अशीच टेकाडे उकरून संशोधकांनी या खोऱ्याचा प्राचीन इतिहास उजेडात आणला. डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळील जोर्वे येथे उत्खनन केले आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेल्या, तोटीच्या भांड्यांच्या संस्कृतीला त्या लहानशा गावाचे नाव मिळाले. हे लोक मृत अर्भकाला दोन मडक्यांची तोंडे जुळवून, त्यांत घालून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. तीन हजार वर्षांनंतर ती मडकी पाहताना मायेची ती धडपड मनाला भिडल्यावाचून राहत नाही. १९७४ मध्ये दायमाबादेस बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार भरीव शिल्पे सापडली, तेव्हा या काठावरील कारागिरीची थोरवी साऱ्या देशाला कळली.

पुढे यादवांच्या अमलात हे खोरे सेउणदेशात मोडले. अकोल्याचे सिद्धेश्वर व रतनवाडीचे अमृतेश्वर ही मंदिरे त्या समृद्धीची साक्ष देतात, आणि शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सलतनतींच्या व मराठ्यांच्या राजवटीत कसबे, मौजे, वतने आणि सारा यांची घडी बसली. राज्ये पालटली, परंतु काळी कसणारे हात पालटले नाहीत.

१९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांमुळे ऊस आला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या पाण्याने खोऱ्याचे दैन्य हटले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मात्र जेथे पाणी अमर्याद दिले गेले आणि निचरा झाला नाही, तेथे क्षार वर येऊन काळी जमीन चोपण झाली व तिच्यावर पांढरी बुरशी चढावी तसा थर दिसू लागला.

ही पांढरी वस्तीची नव्हे. तिच्यात ना घर राहते, ना पीक. चार हजार वर्षे ज्या काळीने माणसांना पोसले, तिला पाणी मोजून देणे आणि गावोगावची जुनी टेकाडे मातीसाठी न खोदता राखणे, एवढे ऋण प्रवराकाठच्या प्रत्येकाने फेडावे.