नायजरचे की नायजेरियाचे?

लोणावळ्याच्या तुंगार्ली धरणावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहिला, तर त्याचा वर्ग, म्हणजे लेखांचा विषयवार गट, सरळ आहे: ‘पुणे जिल्ह्यातील धरणे’. माणसांचे वर्ग करताना मात्र खरी कसरत असते.

अमेरिकन की अमेरिकी? वाचणाऱ्याला दोन्ही चालतात, पण सॉफ्टवेअर अर्थ बघत नाही, अक्षरं बघतं. दोन रूपांचे दोन वर्ग होतात आणि निम्मे अभिनेते इकडे, निम्मे तिकडे.

मग वाटतं, सरसकट देशाच्या नावाला ‘चे’ लावावा. फायदा आहेच! डॉमिनिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन वेगळे देश, पण विशेषण दोघांचंही ‘डॉमिनिकन’. नायजर-नायजेरियातही तीच गल्लत. ‘चे’ लावला की प्रश्न मिटतो. अडचण लिंगाची: अभिनेते ‘फ्रान्सचे’, अभिनेत्री ‘फ्रान्सच्या’. विकिपीडियाच्या तयार साच्यातून (टेम्प्लेटमधून) आपोआप वर्ग लावायचा असेल तर हे सांभाळावं लागतं. ‘फ्रेंच’ला ती कटकट नाही.

माझं मत: भारतीय, जपानी, फ्रेंच अशी रुळलेली विशेषणं ठेवावीत, बाकी देशांना ‘चे/च्या’. आणि प्रत्येक देशापुढे कोणतं रूप, याची एकच यादी चर्चेने ठरवावी.

काही माणसं यादीलाही जुमानत नाहीत. अब्दुल हफीज कारदार १९४६ मध्ये भारताकडून कसोटी खेळले, १९५२ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. त्यांना दोन्ही वर्ग द्यावेत. आणि वेस्ट इंडीजकडून खेळलेले क्रिकेटपटू गारफील्ड सोबर्स? वेस्ट इंडीज हा संघ आहे, देश नव्हे. राष्ट्रीयत्वाच्या वर्गात ते ‘बार्बाडोसचे’च.