लोहाराकडून घडवून घ्या तुमच्या बेंचचा तिसरा हात

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तुम्ही ‘होल्डफास्ट द्या’ म्हणालात, तर दुकानदार तुमच्यापुढे काय ठेवेल माहीत आहे? दाराची चौकट भिंतीत पक्की बसवायच्या लोखंडी पट्ट्या. आमच्यापुढेही त्याच आल्या. बाबांना मात्र हवा होता सुताराच्या बेंचचा होल्डफास्ट आणि इंदूरच्या चार दुकानांत फिरूनही तो मिळाला नाही.

निवृत्तीनंतर बाबांनी लाकूडकाम शिकायला घेतले. आपल्याकडचे बरेच सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करतात. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी गच्चीत उभ्याने काम करायचा बेंच बनवून घेतला. एके दिवशी डाव्या हाताने फळी धरून उजव्या हाताने पटाशी चालवताना फळी सरकली आणि तळहाताला ४ टाके पडले. आईने बजावले, ‘‘लाकूड धरायला आधी काहीतरी आणा, नाहीतर हा बेंच भंगारात जाईल.’’

तुमच्या घरीही असा हौशी सुतार असेल, तर आम्हाला या शोधात जे कळले ते तुमच्याही उपयोगी पडेल.

हा होल्डफास्ट असतो तरी कसा?

दिसायला अगदी साधा. छत्रीच्या दांड्यासारखी वाकवलेली जाड लोखंडी सळई. तिचा सरळ भाग बेंचच्या भोकात जातो आणि वाकवलेल्या हाताचे चपटे टोक लाकडावर टेकते. वरून हातोडीचे दोन ठोके दिले की सळई भोकात किंचित तिरकी होऊन अडकते आणि लाकूड जागचे हलत नाही. काढायचे असेल तेव्हा सळईच्या पाठीवर मागून एक ठोका द्या, लगेच सुटते. ना स्क्रू, ना आटे, ना पाना.

ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्सच्या आंद्रे जाकोब रुबो यांनी १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरच्या ग्रंथात बेंचसोबत हे साधनही चित्रांसह दाखवले आहे. फ्रेंच भाषेत त्याला ‘वाले’ म्हणतात, म्हणजे सेवक. हाताशी उभा राहून सांगितलेली वस्तू धरून ठेवणारा!

विकत घ्यावा की घडवून?

ऑनलाइन होल्डफास्ट मिळतात, पण घेण्याआधी तो ओतीव आहे की घडवलेला हे नक्की पाहा. साधे ओतीव बीड ठिसूळ असते, रोजच्या ठोक्यांनी ते तुटू शकते. घडवलेल्या सळईच्या हाताला थोडी लवचिकता असते. ठोका बसल्यावर तो हात किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच पकड टिकते.

फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन तुकडे काटकोनात वेल्डिंग करून घ्यायचा मोह होईल. तो टाळा. सगळा ताण नेमका वाकणावर येतो आणि तिथेच सांधा असेल तर तो तडकण्याची भीती असते. एकच अखंड सळई तापवून वाकवलेली हवी.

लोहार कुठे शोधाल?

गावाकडे तुमचे कुणी असेल तर आधी तिथे विचारा. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ घडवणाऱ्या लोहाराला हे काम अवघड नाही. शहरात असाल तर रस्त्याच्या कडेला भट्टी लावून बसणारी गाडिया लोहार कुटुंबे पाहा. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, हरियाणा, दिल्ली अशा अनेक ठिकाणी ती दिसतात. चितोड परत मिळेपर्यंत घर बांधून राहणार नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतल्याचे ते सांगतात. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना चितोडगडावर नेऊन ही शपथ सोडवण्यात आली. तरीही अनेक कुटुंबांचे आयुष्य आजही रस्त्याच्या कडेलाच जाते. राजस्थानात फिरायला जाणार असाल, तर हातअवजारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नागौरलाही चौकशी करता येईल.

आम्हाला बायपासजवळ असेच एक कुटुंब भेटले. भट्टीजवळ नवरा सांडशीने लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. बाबांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि विचारले, ‘‘बाबूजी, भोक केवढे आहे?’’ बाबांकडे उत्तर नव्हते. आम्ही माप घ्यायला परत घरी!

जाताना काय न्याल?

तुमची अशी फेरी वाया जाऊ नये म्हणून ही तयारी आधीच करा.

सळई : माइल्ड स्टीलची साधी गोल सळई घ्या. बांधकामाची पिळाची सळई नको. पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरच्या भोकासाठी १८ मिलिमीटरची सळई चालते. साधारण ६० सेंटिमीटर लांबी पुरते.

मुलामा नको : जस्ताचा मुलामा असलेली सळई चुकूनही नेऊ नका. भट्टीत जस्ताचा विषारी धूर निघतो आणि तो लोहाराच्या छातीत जातो.

नमुना : जाड पुठ्ठ्यातून खऱ्या मापाचा आकार कापा. सरळ दांडा ३५ सेंटिमीटर, पुढे आलेला हात १५ ते १८ सेंटिमीटर.

लाकडाचा ठोकळा : बेंचच्या फळीइतकाच जाड ठोकळा घेऊन त्याला तेवढेच भोक सरळ पाडा. म्हणजे तिथल्या तिथे पकड तपासता येते.

घडताना काय पाहाल?

लहान मुलांना भट्टीपासून लांब ठेवा. स्वतःही ठिणग्या पोहोचणार नाहीत इतके मागे उभे राहा.

आधी सळईचे टोक लालभडक तापवून चपटे केले जाते. मग हात टोकाकडे निमुळता होतो आणि शेवटी वाकण पडते. खरी मेख या वाकणात आहे. कोन काटकोनापेक्षा थोडा कमी हवा. चपट्या भागाचे पुढचे टोक लाकडावर आधी टेकले पाहिजे, मागचा भाग नाही. मागचा भाग आधी टेकला तर पकड लागत नाही. आमचा पहिला होल्डफास्ट ठोकळ्यात बसेना, तेव्हा हाच दोष निघाला. तो पुन्हा तापवून चार घावांत दुरुस्त झाला. ठोकळा सोबत नसता, तर हे घरी गेल्यावर कळले असते.

पाण्यात विझवण्याची गरज नाही. राखेत किंवा उघड्यावर हळूहळू गार होऊ द्या.

पैशांचे काय?

इथे एक हिशोब लक्षात ठेवा. १८ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला २ किलो भरते. म्हणजे तुमच्या होल्डफास्टमध्ये लोखंड जेमतेम सव्वा किलो. बाकी सगळी किंमत कोळशाची, दोन माणसांच्या श्रमाची आणि त्यांच्या नजरेची आहे. म्हणून किलोच्या भावाने घासाघीस करू नका. आधीच दर ठरवा, दोन एकदम घडवून घ्या आणि दुरुस्तीसाठी पुन्हा भट्टीत घालावा लागला तर त्याचेही पैसे द्या. लांब फळी धरायला तसेही दोन लागतातच.

घरी आणल्यावर

बेंचची फळी निदान दोन इंच जाड आणि भरीव हवी. पातळ प्लायमध्ये पकड बसत नाही. तसे असेल तर भोकाच्या जागी खालून जाड लाकडाचा तुकडा चिकटवा आणि मग भोक पाडा. भोक अगदी सरळ आणि कडेपासून चार इंच आत असू द्या.

सळईला रंग किंवा तेल लावू नका, ती घसरेल. पकड ढिली वाटली तर ८० नंबरचा पॉलिश पेपर सळईभोवती आडवा फिरवा. आणि चपट्या टोकाखाली नेहमी लाकडाचा किंवा चामड्याचा तुकडा ठेवा, म्हणजे तुमच्या वस्तूवर वण उठणार नाही.

बाबांनी सर्वात आधी आईसाठी पोळपाट केला. फळी होल्डफास्टखाली घट्ट होती आणि पटाशी दोन्ही हातांत. आई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, ‘‘आता बेंच राहू दे.’’

पुढच्या रविवारी बाबा त्या लोहाराला तो पोळपाट दाखवायला घेऊन गेले. त्याच्या बायकोने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तसाच एक मागितला. त्याचे काम गच्चीत सध्या सुरू आहे.