सफरचंदाची साल आणि शुगरवाल्यांची किडनी

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव; शुगर निघाली की कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, घेटुळीचा काढा सुचवणारे डॉक्टरच्या आधी भेटतात. झाडपाल्याने मधुमेह्याची किडनी वाचते का? मागे वळून पाहिलं तर उत्तर ‘हो’ असंच येतं, फक्त काढा विकणाऱ्यांना रुचेल तसं नाही. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा काढला गेला. १८८६ मध्ये संशोधक फॉन मेरिंग यांनी दाखवलं की तो दिला की लघवीतून साखर जाऊ लागते. म्हणजे तेव्हाच्या लेखी हा मधुमेह आणणारा पदार्थ! पुढे उलगडा झाला : किडनी गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेते, आणि फ्लोरिझिन ती ओढ अडवतं. पण पोटात घेतलं तर त्यातलं बरंचसं आतड्यातच तुटतं. सालीचा अर्क पिऊन हाती काही लागत नाही. रेणूतला तो कच्चा सांधा रसायनशास्त्रज्ञांनी बदलला, तेव्हा कुठे आजच्या डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या निघाल्या. २०१९ च्या ‘क्रेडेन्स’ चाचणीत किडनीला आधीच इजा झालेले ४,४०१ मधुमेही होते. नेहमीची औषधं चालू असतानाच कॅनाग्लिफ्लोझिनची गोळी दिली, तर किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : गावठी औषधानेही शुगर उतरते, ते का मोजत नाही? मोजलंय. विजयसार या झाडाच्या औषधाची चाचणी आयसीएमआरनेच घेतली. १९९८ च्या अहवालात ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली होती. पण ती साखर होती. किडनी बिघडायला वर्षं लागतात आणि क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागतं, तेव्हा बारा आठवड्यांच्या साखरेवरून किडनीबद्दल काही सांगता येत नाही. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा दुसरा आक्षेप १९९३ मध्येच निकालात निघाला. ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या चिनी औषधात चुकीची मुळी, अरिस्टोलोकिया, आली आणि धडधाकट बायकांच्या किडन्या गेल्या. अर्थात रेणू शुद्ध केला म्हणजे भागलं, असंही नाही. वनस्पतींतल्या ओलियानोलिक आम्लावरून घडवलेल्या बार्डोक्सोलोनने किडनीचा आकडा सुधारत होता, तरी हृदय निकामी होण्याचे प्रकार वाढल्याने २०१२ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो खरा आहे. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि गोळी बरीच स्वस्त झाली; घेटुळीवर मात्र पेटंट मिळत नाही, म्हणून कंपनी तिच्या चाचणीत पैसा घालणार नाही. तो सरकारने घालावा, अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी घालावा, आणि मोजताना साखरेवर न थांबता लघवीतलं अल्ब्युमिन नि डायलिसिसची वेळ किती लांबली हेच मोजावं.